ज्याचा नंबर यायचाय तो

मागच्या आठवड्यात भाची राहायला आली होती. जेवणं उरकल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तिला 'एमसी आफ्रिका' या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या जुन्या क्लिपा दाखवत बसले होते. स्टेजवर दोन पोरं, मध्ये जेमतेम हातभर अंतर, मागे डीजे. एकजण समोरच्याचे बूट, त्याची टोपी, त्याचं शहर, त्याचे इंग्रजी उच्चार असं सगळं यमकात बांधून त्याच्या तोंडावर फेकत होता. दुसरा दोन्ही हात मागे घेऊन उभा. मध्येच एक ओळ अशी बसली की अख्खा हॉल उसळला, आणि ती ओळ ज्याच्यावर होती तोच सगळ्यांच्या आधी हसला. मान डोलावून, डोळे मिटून, अगदी पोटातून. भाचीने क्लिप थांबवली. "मावशी, तो याची एवढी काढतोय आणि हा दात काय काढतोय? मी असते तर एक ठेवून दिली असती." मी म्हटलं, "अगं, त्याचा नंबर यायचाय अजून." तिचं काही समाधान झालं नाही. ती झोपायला गेली. मला मात्र त्या हसण्याने रात्री बराच वेळ जागं ठेवलं. चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, आपल्या आईबापाचा, गावाचा, दिसण्याचा उद्धार होत असताना माणूस असा हसतो तेव्हा त्याच्या आत नेमकं काय चाललेलं असतं?

ही स्पर्धा 2008-09 च्या सुमाराची. स्प्राइटने पैसे लावलेले, त्यामुळे हिरव्या रंगाची नुसती लयलूट. घाना, नायजेरिया, केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून पोरं निवडायची, आधी देशात भिडवायची आणि मग खंडाच्या पातळीवर एकमेकांसमोर उभी करायची. गाणं घरून बसवून आणायचं नाही, जे सुचेल ते तिथेच, बीटवर. मी तेव्हापासून अशा झुंजी जमेल तशा पाहत आलेय आणि बघता बघता माझी नजर बोलणाऱ्यावरून सुटून गप्प उभ्या असलेल्यावर जाऊन बसलीय. त्याचे ओठ बघायचे. काहींचे ओठ समोरचा बोलत असतानाही हलत असतात. तो आपल्या ओळी घोळवत असतो, त्याने बहुतेक घरूनच चार टोले तयार करून आणलेले असतात. अशाचा नंबर आला की पहिल्या दोन ओळींतच कळतं, समोरच्याने काय म्हटलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि काहींचे ओठ मिटलेले असतात. डोळे समोरच्याच्या तोंडावर, मान किंचित तिरकी. तो शेवटपर्यंत ऐकतो. मग माइक हातात आला की समोरच्याची शेवटची ओळ उचलतो, तिची मान मुरगाळतो आणि तिच्यावरच स्वतःचं यमक उभं करतो. हॉल डोक्यावर घेतला जातो तो या क्षणी. प्रेक्षकांना पटतं, की ही ओळ पाच सेकंदांपूर्वी अस्तित्वातच नव्हती.

यामागची कारागिरी मला फार मोलाची वाटते. या पोरांच्या मुलाखती ऐकल्या तर ती सगळी जवळपास एकच सांगतात. शेवटचा शब्द आधी पक्का करायचा. टोला जिथे बसणार तो शब्द. खुंटी आधी ठोकायची आणि मग तोंडाने दोरी ओढत ओढत तिथपर्यंत आणायची. वाटेतल्या ओळी साध्या, भरतीच्या असल्या तरी चालतात, त्या वेळ काढून देतात. म्हणजे बोलताना तो पुढचं जुळवत असतो, आणि त्याआधी ऐकताना वेचत असतो. समोरच्याचं सगळं लक्षात ठेवायचं नसतंच, एखादा शब्द, एखादी चूक, एखादी फुशारकी पुरते. म्हणून नाणेफेकीला इतकं महत्त्व. टॉस जिंकलेला शहाणा खेळाडू बहुधा म्हणतो, तू आधी सुरू कर. ज्याला दुसरा नंबर मिळाला त्याच्या पदरात अख्खी एक फेरी कच्चा माल म्हणून पडते.

माझं आजोळ कणकवलीच्या बाजूला. तिथल्या देवळात सप्ताह असला की शेवटच्या रात्री भजनांची डबलबारी व्हायची. ज्यांनी ऐकलीय त्यांना काय सांगायचं, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांना ती लिहून दाखवता येणार नाही. मंडपात समोरासमोर दोन बुवा, दोघांचे पखवाज, दोघांच्या पेट्या, दोघांची कोरसवाली पोरं. अभंग, गवळण सगळं रीतसर होतं, पण लोक जागे असतात ते गजरासाठी. सिनेमाच्या चालीवर एक बुवा दुसऱ्याला असा काही चिमटा काढतो की मागे उभी असलेली पोरं शिट्ट्या मारतात आणि पुढे बसलेल्या बाया पदर तोंडाला लावतात. ट्यूबलाइटभोवती किडे, गोणपाटावर बसून आखडलेले पाय, कुठूनतरी येणारा कांदाभजीचा वास, रात्रीचे दोन वाजलेले. आमचे आजोबा बसायचे ते गाणाऱ्या बुवाकडे जवळजवळ पाठ करून. त्यांची जागा ठरलेली होती, जिथून समोरचा, गप्प बसलेला बुवा नीट दिसेल. तो खांद्यावर टॉवेल टाकून, चहाचा कप बाजूला सारून, मांडीवरच्या लहानशा वहीत खाली मान घालून बसलेला असायचा. मध्येच त्याचं पेन हललं की आजोबा मला कोपराने ढोसायचे. "बघ, लिवन घेतल्यान!" मग ते स्वतःच खूश होऊन गुडघ्यावर ताल धरायचे. समोरून गाणारा बुवा त्याच वेळी याच्या आवाजाची, याच्या वयाची, याच्या गावाची खिल्ली उडवत असायचा. आणि हा लिहून घेत असायचा.

त्याला राग येत नसेल का? येत असणारच.

घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, केटा खाडीच्या आसपास आन्लो एवे लोक राहतात. त्यांच्यात 'हालो' नावाचा प्रकार होता. दोन वाड्या, दोन गट, एकमेकांवर निंदेची गाणी रचत. हे काम हौसेचं असलं तरी सोपं नव्हतं. समोरच्या घराण्यात कोणाच्या आजोबाने काय चोरलं होतं, कोण कर्ज बुडवून पळाला, कोणाचं नाक कसं आहे, कोणाची चाल कशी आहे, याची खोदून माहिती काढायची. मग गाणी बांधायची, ढोल बसवायचे, सोंगं तयार करायची. एक बाजू गाणार, दुसरी ऐकणार, आणि उत्तराची पाळी मागाहून, स्वतःची गाणी घेऊन. हे दिवसेंदिवस, कधी कधी महिनोन्‌महिने चालायचं. रॅपमधल्या एका छोट्या फेरीची या ऐकण्याशी तुलनाच होत नाही. आपल्या बापाच्या अब्रूची लक्तरं भर चौकात टांगली जाताना गप्प बसायचं, घरी जायचं, ती गाणी डोक्यात घोळवत झोपायचं, आणि उत्तर द्यायचं ते गाण्यानेच. सगळ्यांना ते जमलंच असं नाही. हालोतून मारामाऱ्या झाल्या, गावं दुभंगली, आणि 1960 च्या सुमाराला घानाच्या सरकारने त्यावर बंदी घातली. ही बंदी सरसकट चुकीची होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शब्दांनी घरं जळतात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. तरीही एका अख्ख्या प्रांताने रागाला चाल आणि ताल लावून तो वळणावर आणायची जी रीत घडवली होती, ती हुकमासरशी थांबली याची हळहळ वाटते.

हालोच्या कवींची गाणी आपल्यापर्यंत पोचली त्यात मोठा वाटा कोफी अवूनोर यांचा. ते स्वतः एवे, 1935 चा जन्म, इंग्रजीतले मोठे कवी. कोमी एक्पे नावाच्या हालो कवीची आणि आणखी दोन एवे कवींची गाणी त्यांनी जमवली, इंग्रजीत आणली आणि 1974 मध्ये पुस्तकरूपात छापली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांत घानाचे प्रतिनिधी होते. सप्टेंबर 2013 मध्ये ते एका साहित्य महोत्सवासाठी नैरोबीला गेले होते. 21 तारखेला तिथल्या वेस्टगेट मॉलवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, त्यात ते गेले. ही बातमी मी तेव्हा वाचली होती, पण हालोशी असलेलं त्यांचं नातं मला पुष्कळ नंतर कळलं, आणि कळल्यावर ती बातमी पुन्हा नव्याने लागली. वैऱ्याने वैऱ्याला गाण्यात कसं गाठायचं आणि हात न उचलता कसं परतायचं, याची गाणी ज्याने आयुष्यभर जपली तो माणूस बंदुकीच्या गोळीने गेला. यावर मला काही बोलता येत नाही.

हालो थांबला, पण घानातली शब्दांची झुंज काही थांबली नाही. तेमा हे अक्राला लागून असलेलं बंदराचं शहर. तिथल्या अदोम एफएमवर 'कसाहारे लेव्हल' नावाचा कार्यक्रम चालायचा. आसपासची पोरं स्टुडिओत येऊन चुईत, म्हणजे तिथल्या घराघरातल्या भाषेत, एकमेकांना भिडायची. सारकोडी, आज ज्याला घानाचा सगळ्यात मोठा रॅपर म्हणतात, तो त्या माइकवर तासला गेला. रेडिओ असल्यामुळे तिथे चेहरे नव्हते. ऐकणारा कसा उभा आहे हे कोणालाच दिसत नव्हतं. पण अख्खं तेमा ऐकत होतं, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दामागची गल्ली माहीत होती. कुठल्या रस्त्याचं नाव घेतलं, कुठल्या म्हणीला उलटं केलं, कोणाच्या बोलण्याची नक्कल केली, हे टॅक्सीवाल्यालासुद्धा कळत होतं. अशा ठिकाणी टोला फुकट जात नाही.

खंडभराच्या स्टेजवर तो फुकट जातो. माझी खरी तक्रार इथे आहे. अक्राचा मुलगा चुईत, दार एस सलामचा स्वाहिलीत आणि सोवेटोचा झुलूत बोलू लागला तर परीक्षकांनी करायचं काय? म्हणून मग सगळ्यांची गाठ इंग्रजीवर पडते. ज्याचं इंग्रजी शाळेपासून गुळगुळीत तो पुढे सरकतो, आणि नैरोबीच्या एखाद्या वस्तीत शेंग या स्वाहिली-इंग्रजीच्या मिश्र बोलीत भल्याभल्यांना पाणी पाजणारा मुलगा अडखळत, शब्द शोधत, दुय्यम वाटू लागतो. मी हे वारंवार पाहिलंय. मुलगा इंग्रजीत चार ओळी रेटतो आणि मग न राहवून एकदम आपल्या भाषेत घसरतो. घसरतो म्हणजे अक्षरशः सुटतो. खांदे खाली येतात, हात मोकळे होतात, आवाज एक पट्टी खाली उतरतो आणि लय दुप्पट होते. त्याच्या गाववाल्यांचा कोपरा पेटून उठतो. पण मग मी समोरच्याकडे बघते. तो कोरा. त्याला काय बोललं गेलं हेच कळलेलं नाही. त्याला हसताही येत नाही, चिडताही येत नाही, आणि पकडायला त्याच्या हाती एक शब्दही लागत नाही. अशा वेळी स्टेजवर दोघे असतात, पण झुंज संपलेली असते. चिमटा काढायलाही दोघांमध्ये आधी काहीतरी सामायिक असावं लागतं.

केनियातल्या शाळकरी मुलांमध्ये म्चोंगोआनो चालतो. मधल्या सुट्टीत कोंडाळं करायचं आणि एकमेकांना अतिशयोक्तीने हाणायचं. तुमचं घर एवढं लहान की, तुझा भाऊ एवढा आळशी की. ज्याच्यावर ओळ आली त्याने चिडायचं नाही. चिडला तो हरला. त्याहून वरचढ ओळ आणायची, नाहीतर हसून मान्य करायचं. दहा-बारा वर्षांची पोरं हा नियम कोणी न शिकवता पाळतात. पुढे यातलीच काही नैरोबीतल्या रॅपच्या वर्तुळांत येऊन उभी राहतात. तेव्हा त्या क्लिपमधल्या हसण्याची तालीम कदाचित अशाच एखाद्या शाळेच्या पटांगणात झालेली असेल, असं मला वाटून जातं.

टांझानियाची गोष्ट थोडी आधीची. 1991 मध्ये सालेह जाबीर नावाच्या तरुणाने 'आइस आइस बेबी'च्या संगीतावर स्वाहिलीत रॅप केला. तोवर तिथली मुलं अमेरिकन रॅप पाठ करून जसाच्या तसा म्हणत होती. आपल्या भाषेत यमक बसतं, टोला बसतो, लोक हसतात, हे एकदा कानांनी ऐकल्यावर मागे वळायचं कारण उरलं नाही. त्या वेळी टांझानियाच्या मुख्य भूमीवर टीव्हीच नव्हता. झांझिबारमध्ये सत्तरच्या दशकापासून होता, मुख्य भूमीवर आला 1994 मध्ये. म्हणजे तिथे रॅपचे आधीचे सगळे जलसे, सगळ्या चढाओढी हॉलमध्येच झाल्या आणि हॉलमध्येच विरल्या. ज्यांनी ऐकल्या त्यांच्या तोंडून दुसऱ्यांनी ऐकल्या, कॅसेटी फिरल्या. त्यात हरलेल्यांचे चेहरे आज कुठेच सापडायचे नाहीत, आणि याची मला खंत आहे.

टीव्हीने ते चेहरे दिले. हे उपकार मोठे आहेत. पण टीव्ही कापतोही. कार्यक्रम जाहिराती धरून ठरल्या वेळात बसवायचा म्हटल्यावर पहिली कात्री लागते ती शांततेला. एकाची ओळ संपून दुसरा श्वास घेतो, डीजेकडे बघतो, जीभ ओठांवरून फिरवतो, हे सगळं जातं. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडद्यावर येतो तो त्याच क्षणाचा असेल याची खात्री नाही. एडिटिंगच्या टेबलावर कुठलंही हसू कुठल्याही ओळीला जोडता येतं, रिअ‍ॅलिटी शो पाहणाऱ्या आपल्याला हे आता सवयीचं झालंय. भाची गेल्यावर मी ती क्लिप पुन्हा लावली ती याच शंकेने. आवाज बंद करून पाहिली. ती फ्रेम लांबून घेतलेली आहे, दोघेही एकाच चौकटीत आहेत, मध्ये कट नाही. बोलणाऱ्याचा हात वर जातो, हॉल उसळायच्या अर्धा क्षण आधी दुसऱ्याची मान मागे जाते आणि तो हसतो. हसू खरं आहे. त्याला ओळ आवडलेली आहे. ओळ त्याच्याविरुद्ध आहे हे त्याला कळलंय, आणि ती चांगली ओळ आहे हेही कळलंय, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुसरं पहिल्याच्या आधी उमटलं. माझ्या मते तो तिथेच मोठा ठरला, निकाल काहीही लागो.

यात सगळंच गोड आहे असं नाही. टोल्यांमध्ये आया येतात, बहिणी येतात, आणि त्या फार सहज येतात. मुली या स्टेजवर आधीच थोड्या, आणि एखादी आली की समोरचा बऱ्याचदा तिच्या रॅपवर बोलतच नाही, शरीरावर बोलतो. तेव्हा हॉलमधून येणारा हशा मला ऐकवत नाही. अशा वेळी ती मुलगी शांतपणे उभी राहते, तिचे ओठ मिटलेले असतात, आणि तिला हसून मान्य करण्यासारखं समोर काही ठेवलेलंच नसतं. तिने ऐकून घ्यावं अशी अपेक्षा करणं हा अन्याय आहे. डबलबारीतही बुवाबुवांतले चिमटे कमरेखाली घसरले की आजोबा उठून बाहेर जाऊन विडी ओढायचे. ऐकायला बसणाऱ्याला उठून जायचा हक्क आहे. स्टेजवरच्या मुलीला तो नसतो.

सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॅपची नवी नवी टोळकी होती, आणि त्यांच्यात खुन्नस होती. डिडिए अवादी एका टोळीत, आमादू बारी दुसऱ्या टोळीत. 1989 मध्ये या दोघांनी मिळून पॉझिटिव्ह ब्लॅक सोल उभं केलं. वोलोफ, फ्रेंच आणि इंग्रजी तिन्ही एकाच गाण्यात खेळवत सेनेगलचा रॅप त्यांनी जगभर नेला. मला यात नवल वाटत नाही. एखाद्याला नेमकं कुठे दुखेल हे शोधायला त्याचं इतकं बारकाईने ऐकावं लागतं, की तो श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर अडतो, कुठला शब्द त्याला लाडका आहे हे सगळं पाठ होऊन जातं. एवढं तर मित्रांचंही कोणी ऐकत नाही. अशा दोघांनी पुढे एकत्र गाणं हे मला समेटापेक्षा सोयीचंच जास्त वाटतं. अर्धी तालीम आधीच झालेली असते.

आता अशा झुंजी बघायला टीव्ही लागत नाही. जोहान्सबर्ग, केपटाऊन, नैरोबी, अक्रा, सगळीकडे पोरं फोनवर चित्रण करून अख्ख्या फेऱ्या टाकतात. कॅमेरा हलतो, आवाज फाटतो, मध्येच कोणाचं तरी डोकं आडवं येतं. तरी मला त्या जास्त जवळच्या वाटतात, कारण तिथे पोरं आपापल्या भाषेत बोलतात आणि समोरच्याला ते कळतं. मला झुलू येत नाही, चुई येत नाही, स्वाहिलीतले चार शब्द येतात. मी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बोलणाऱ्याची ओळ वाचते, आणि पुष्कळदा ती बरोबर वाचली जाते. टीव्हीवाल्यांनी पुन्हा कधी खंडभराची स्पर्धा भरवली तर माझं मागणं साधं आहे. ज्याला ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत त्याला बोलू द्या. दुसऱ्या भाषेतल्या गड्याच्या कानात त्याच वेळी सांगणारा दुभाषी द्या आणि आम्हाला खाली सबटायटल द्या. परीक्षकांमध्ये त्या त्या भाषेचा माणूस बसवा. आणि नाणेफेकीपासून निकालापर्यंत दोघांनाही एकाच चौकटीत ठेवा, शांतता न कापता.